पाऊस न पडल्यानं माणसं भुकेनं मरतात का?

दुष्काळ आणि उपासमार हे शब्द आपण जोडीनंच उच्चारतो. पाऊस गेला, पीक बुडालं, माणसं भुकेनं मेली, असं सरळ गणित मनात बसलेलं असतं. इथिओपियाचं नाव काढलं की पन्नाशीच्या आसपासच्या बऱ्याच वाचकांना टीव्हीवर किंवा मासिकात पाहिलेलं एक मूल आठवेल. काटकुळे हातपाय, फुगलेलं पोट, डोळ्यांवर माश्या आणि मागे भेगा पडलेली जमीन. ते चित्र खरं होतं. पण जमिनीला भेगा पडल्या म्हणून मूल मरायला टेकलं, हा जो अर्थ आपण त्यातून काढतो, तो अर्धवट आहे.

डॉक्टरी भाषेत सांगतो. थंडीची लाट आली की न्यूमोनियाचे रुग्ण वाढतात. थंडी सगळ्या गावाला सारखीच लागते. पण दगावणारा माणूस बहुतेक वेळा आधीच अशक्त असतो, किंवा त्याला दवाखान्यात आणायला चार दिवस उशीर झालेला असतो. मृत्यूच्या दाखल्यावर आम्ही 'थंडी' असं कारण लिहीत नाही. दुष्काळाच्या बाबतीत मात्र जगानं कित्येक वर्षं तसंच लिहिलं.

या लेखात मी मुख्यतः एकाच देशाची पन्नास वर्षांची हकीकत सांगणार आहे. इथिओपियाच घेतो, कारण या एका देशानं सगळे प्रकार पाहिले आहेत. लपवलेला दुष्काळ पाहिला, युद्धानं चिघळवलेला दुष्काळ पाहिला, आणि मोठा दुष्काळ पडूनही माणसं वाचवलेलं वर्षही पाहिलं. मध्ये एका ठिकाणी आपला महाराष्ट्रही येईल. तो मी ओढून आणलेला नाही, या विषयाच्या अभ्यासकांनीच ती तुलना केलेली आहे.

वोलोमध्ये धान्य होतं

इथिओपियाचा मोठा भाग डोंगराळ पठाराचा आहे. तिथला शेतकरी 'तेफ' नावाचं खसखशीएवढं बारीक धान्य पिकवतो. त्याचं पीठ आंबवून 'इंजेरा' करतात, आपल्या आंबोळीची मोठी बहीण म्हणा. पाऊस दोनदा येतो. फेब्रुवारी ते मेमध्ये थोडा, आणि जून ते सप्टेंबरमध्ये मुख्य. १९७२ साली ईशान्येकडच्या वोलो प्रांतात मुख्य पाऊस दगा देऊन गेला आणि १९७३ च्या सुरुवातीचा छोटा पाऊसही आला नाही. लोक घरदार सोडून प्रांतातून जाणाऱ्या हमरस्त्यावर येऊन उभे राहिले आणि बस-मोटारी थांबवून भाकरी मागू लागले. किती मेले याचे अंदाज ४० हजारांपासून दोन लाखांपर्यंत आहेत.

या दुष्काळाचा हिशेब पुढे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात मांडला. त्यात एक विचित्र गोष्ट दिसली. देशातलं एकूण धान्य फार घटलेलं नव्हतं. वोलोचं मुख्य शहर देसी, तिथल्या बाजारात धान्याचे भावही फारसे चढले नव्हते. उलट लोक मरत असताना वोलोतून थोडंफार धान्य बाहेर, अदिस अबाबा आणि अस्मराकडे जात होतं.

असं कसं होईल? विचार करा. ज्या शेतकऱ्याचं पीक बुडालं त्याचं घरातलं अन्न गेलं आणि त्याच वेळी विकून पैसे करायचं साधनही गेलं. त्याच्या हातात दमडी नाही. व्यापारी धान्य तिथे नेतो जिथे घेणारा आहे. वोलोत भुकेले पुष्कळ होते, गिऱ्हाईक नव्हतं. मग भाव चढणार कशाला?

अफार जमातीच्या पशुपालकांची गत आणखी वाईट. उन्हाळ्यात त्यांची जनावरं अवाश नदीकाठच्या कुरणात चरायची. त्या कुरणांवर आधीच्या काही वर्षांत कापसाचे आणि उसाचे मोठे मळे उभे राहिले होते. दुष्काळ आला तेव्हा जनावरांना जायला जागाच उरली नव्हती. जी जगली ती विकायला काढली, तर सगळ्यांनी एकदमच काढलेली, म्हणून जनावरांचा भाव कोसळला. पशुपालक माणूस फक्त दूध-मांसावर जगत नाही. एक जनावर विकून त्यात कुटुंबाला कितीतरी दिवस पुरेल इतकं धान्य घेतो. तो सौदाच मोडला.

सम्राट हैले सेलासी यांच्या सरकारनं हे सगळं झाकून ठेवलं. ऑक्टोबर १९७३ मध्ये ब्रिटिश पत्रकार जोनाथन डिम्बलबी यांचा माहितीपट दाखवला गेला तेव्हा जगाला कळलं. पुढच्या सप्टेंबरात लष्करानं सम्राटाला पदच्युत केलं. त्याच्या आदल्या रात्री भुकेल्या माणसांच्या आणि राजवाड्यातल्या मेजवानीच्या दृश्यांची सरमिसळ करून तोच माहितीपट इथिओपियाच्या टीव्हीवर दाखवला होता.

त्याच वर्षी आपल्याकडे

नेमक्या त्याच काळात महाराष्ट्रात बहात्तरचा दुष्काळ होता. माझ्याकडे येणारे मराठवाड्यातले, सोलापूर-नगरकडचे वयस्कर रुग्ण अजूनही वय सांगताना 'बहात्तरला मी खडी फोडायला जात होतो' असं सांगतात, जन्मतारखेपेक्षा ते जास्त भरवशाचं असतं. सलग तीन वर्षं पाऊस कमी झाला होता आणि १९७२ चं वर्ष सगळ्यांत कठीण गेलं. पश्चिम आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातही तेव्हाच दुष्काळ होता. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी दोन्हींची तुलना केली, तेव्हा दिसलं की महाराष्ट्रात माणशी उपलब्ध असलेलं धान्य साहेलच्या बहुतेक देशांपेक्षाही कमी होतं. तरी तिकडे मोठी उपासमार झाली, इकडे झाली नाही.

फरक पडला तो मजुरीनं. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. खडी, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. हातात पैसे आले म्हणून बाजारात धान्य आलं, रेशनवर लाल मिलो आला, कामावर सुकडी वाटली गेली. मिलोच्या भाकरीला नावं ठेवणारे खूप भेटतात, आणि ती खाल्ली म्हणून ते नावं ठेवायला शिल्लक आहेत. विधानसभेत प्रश्न विचारले जात होते, मोर्चे निघत होते, वर्तमानपत्रं रोज लिहीत होती. सरकारला ते लपवता आलं नसतं. सगळं छान झालं असा दावा मी करत नाही. काही अभ्यासकांनी त्या काळात नेहमीपेक्षा जास्त मृत्यू मोजले आहेत, आणि माणसांनी जे सोसलं ते सोसलंच. पण वोलोसारखं झालं नाही.

सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सुरू केलेला छोटा प्रयोग यातूनच मोठा झाला आणि रोजगार हमीचा कायदा आला. शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो, तो सुरुवातीला या हमीसाठीच लावला होता. पगाराच्या चिठ्ठीवर तो अजूनही दिसेल.

मजुरी किती द्यायची, हा प्रश्न मात्र डॉक्टरांचाही आहे. १८७७ च्या दुष्काळात मुंबई आणि मद्रास इलाख्यात सर रिचर्ड टेंपल यांनी खर्च वाचवायला दिवसभराच्या कष्टाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि एक आणा एवढीच मजुरी ठरवली. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्याला विरोध केला. एवढ्या धान्यावर कष्ट करणारं शरीर टिकणार नाही आणि डाळ तर हवीच, असं त्यांचं म्हणणं होतं. काही आठवड्यांनी मद्रासमध्ये धान्य थोडं वाढवून डाळ दिली गेली. आमच्या व्यवसायातलं हे नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम घेतलं.

भूक शरीराला काय करते?

खाणं बंद झालं की यकृतातली साठवलेली साखर साधारण एका दिवसात संपते. मग शरीर स्नायू मोडून साखर बनवतं, आणि काही दिवसांत मुख्यतः चरबीवर चालायला लागतं. काटकसर सुरू होते. नाडी मंदावते, अंग थंड पडतं, माणूस हालचाल कमी करतो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर, त्यांच्या संमतीनं, सहा महिने अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग केला. वजन जवळपास चौथ्या हिश्श्यानं उतरलं. पण लक्षात राहण्यासारखं काही तरी वेगळंच होतं. ही शिकलेली, शांत स्वभावाची मुलं चिडकी आणि उदास झाली, त्यांना अन्नाशिवाय दुसरं काही सुचेना. छावणीतली माणसं निर्जीव नजरेनं बसलेली दिसतात, त्याला आपण कधी कधी 'आळशी', 'सवय झालेली' म्हणतो. ते भुकेचं लक्षण आहे.

लहान मुलाच्या फुगलेल्या पोटाबद्दलही एक सांगायला हवं. एका प्रकारच्या कुपोषणात शरीराला सूज येते. पावलं सुजतात, केस भुरे होतात, कातडी सोलते. हात-पाय नुसते बारीक होण्यापेक्षा हा प्रकार जास्त फसवा असतो, कारण सुजेमुळे मूल गुटगुटीत वाटू शकतं. १९३० च्या दशकात आजच्या घानामध्ये काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी त्याचं वर्णन केलं आणि तिथल्या गा भाषेतलंच नाव वापरलं, क्वाशिओरकोर. पाठचं भावंड झालं की आधीच्या मुलाचं दूध तुटतं आणि त्याला होतो तो आजार, असा त्या शब्दाचा अर्थ. तिथल्या बायकांनी निदान आधीच केलेलं होतं.

आता मुख्य मुद्दा. दुष्काळात बहुतेक माणसं, विशेषतः मुलं, निव्वळ अन्न न मिळाल्यानं मरत नाहीत. प्रतिकारशक्ती ढासळलेली असते आणि गोवर, जुलाब, न्यूमोनिया किंवा मलेरिया त्यांना घेऊन जातो. २००० साली इथिओपियाच्या गोडे भागात दुष्काळ पडला. तिथल्या मृत्यूंचा नंतर घरोघर जाऊन अभ्यास झाला, तेव्हा पाच वर्षांखालच्या मृत्यूंमध्ये साधारण पाचातल्या एकात गोवराचा हात होता. लस कितीतरी वर्षं आधीपासून उपलब्ध होती. आणि एकूण मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू मोठी मदत पोचायच्या आधीच होऊन गेले होते.

म्हणून अन्न वाटण्यासाठी माणसांना एका जागी गोळा करणं धोक्याचं ठरू शकतं. हजारो अशक्त माणसं, एकच पाणवठा, संडास नाहीत, आणि त्यात एक गोवर झालेलं मूल. अन्नाच्या गोण्या पोचण्याआधी तिथे लस, स्वच्छ पाणी आणि 'अ' जीवनसत्त्व पोचायला हवं.

१९८४: तेच पुन्हा का घडलं?

सम्राट जाऊन लष्करी राजवट आली. मेंगिस्तू हैले मरियम तिचे प्रमुख. वोलोच्या अनुभवानंतर मदतकार्यासाठी स्वतंत्र आयोगही नेमला होता, आणि त्या आयोगानं मार्च १९८४ मध्ये येऊ घातलेल्या संकटाची सूचनाही दिली. म्हणजे माहिती होती. तरीही त्या दुष्काळात चार लाखांपासून दहा लाखांपर्यंत माणसं गेली असे अंदाज आहेत.

पाऊस कमी होता, हे खरं. पण सगळ्यांत जास्त माणसं गेली ती उत्तरेकडे, तिग्रे, एरिट्रिया आणि उत्तर वोलोत, जिथे सरकार आणि बंडखोर यांच्यात लढाई चालली होती. बाजार भरायचे तिथे बॉम्ब पडायचे, म्हणून बाजार भरेनासे झाले. सरकार शेतकऱ्यांकडून ठरवलेल्या कमी भावानं धान्य सक्तीनं घेत होतं. एका भागातून दुसऱ्या भागात मजुरीला जायलाही बंधनं होती. वाईट वर्षात गरीब कुटुंब जे चार मार्ग शोधतं, ते सगळे बंद केले होते. सप्टेंबर १९८४ मध्ये राजधानीत क्रांतीचा दहावा वर्धापनदिन थाटात साजरा झाला. पाश्चात्त्य देशही सोव्हिएत गटातल्या या सरकारला मदत करायला तयार नव्हते, त्यांनी महिनेच्या महिने घालवले.

२३ ऑक्टोबर १९८४ ला बीबीसीवर मायकेल ब्युर्क यांचं कोरेमहून केलेलं वार्तांकन दाखवलं गेलं, चित्रण मोहम्मद अमीन यांचं. लेखाच्या सुरुवातीला ज्या चित्राबद्दल बोललो, ती चित्रं तेव्हापासूनची. पुढच्या वर्षी 'लाइव्ह एड'चे कार्यक्रम झाले, पैसा ओघानं आला. मेकेले शहरात रेड क्रॉसच्या नर्स क्लेअर बर्टशिंगर रांगेतल्या शेकडो मुलांमधून कुणाला आत घ्यायचं हे रोज निवडत होत्या, कारण जागा थोड्याच मुलांना होती. जागं व्हायला उशीर झाला की ही वेळ येते. मग डॉक्टर-नर्सच्या हातात फक्त निवड उरते.

मदतीतला काही भाग सरकारनं लोकांना नैर्ऋत्येकडे सक्तीनं हलवण्यासाठी वापरला. सुमारे सहा लाख माणसं हलवली गेली आणि त्या स्थलांतरातही पुष्कळ मेली. देणगीदारांना हे ऐकायला आवडत नाही, पण घडलं ते असं.

शेजारच्या सुदानमध्ये, दार्फूरलाही त्याच वर्षी दुष्काळ होता. तिथे अॅलेक्स द वाल या अभ्यासकाला दिसलं की घरात बियाणं असूनही लोक उपाशी राहत होते, रानातली फळं-बिया वेचून खात होते. बियाणं खाल्लं तर पुढच्या वर्षी पेरायचं काय? आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. उपाय ठरवणाऱ्यांना मात्र बऱ्याच उशिरा समजलं, की माणूस भुकेपेक्षाही भिकेला लागण्याला जास्त घाबरतो. त्याची गाय, बैल, बियाणं विकलं जाण्याआधी मदत पोचली तर तो स्वतःच उभा राहतो.

मग उपाय काय निघाले?

२००२-०३ मध्ये इथिओपियात पुन्हा दुष्काळ पडला आणि एक कोटी तीस लाखांच्या आसपास माणसांना मदत लागली. तेव्हा सरकार आणि देणगीदारांना एक साधी गोष्ट मान्य करावी लागली. दरवर्षी साधारण त्याच तालुक्यांतल्या त्याच कुटुंबांना मदत लागते, मग त्याला 'आणीबाणी' का म्हणायचं? जुनाट आजार आहे, जुनाट आजाराचेच उपचार हवेत. रक्तदाबाच्या रुग्णाला दरवेळी पक्षाघात झाल्यावरच आपण गोळी देत नाही.

२००५ पासून तिथे सामाजिक सुरक्षेचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. वर्षातले जे महिने घरातलं धान्य संपतं, त्या काळात कुटुंबाला पैसे किंवा धान्य मिळतं. धडधाकट माणसांनी त्याबदल्यात बांध घालणं, रस्ते, झाडं लावणं अशी कामं करायची. म्हातारे, आजारी, गरोदर बाया यांना कामाविना मदत. सुरुवातीला सुमारे ५० लाख लोक होते, पुढे ८० लाखांच्या आसपास गेले. नेमका त्याच वर्षी आपल्याकडे राष्ट्रीय रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला. पैसे वेळेवर हातात पडत नाहीत ही तक्रारही दोन्हीकडे सारखीच, आणि दुष्काळात उशिरा आलेली मजुरी ही अर्धी मजुरीच.

दुसरा बदल आरोग्यसेवेत झाला. २००३ नंतर प्रत्येक खेड्यासाठी दहावी शिकलेल्या दोन तरुण मुलींना वर्षभर प्रशिक्षण देऊन पगारी आरोग्यसेविका नेमलं गेलं. अशा ३० हजारांहून जास्त झाल्या. लसीकरण त्यांनी वाढवलंच, पुढे तीव्र कुपोषित मुलांवरचे उपचारही गावातच होऊ लागले.

ते शक्य झालं एका पाकिटामुळे. त्याआधी अशा मुलाला रुग्णालयात ठेवावं लागायचं, आणि तिथेही कित्येक ठिकाणी चार-पाच मुलांमागे एक दगावायचं. कारण आम्हा डॉक्टरांची पद्धतच चुकत होती. उपाशी मुलाला एकदम भरपूर प्रथिनं, सलाइन, लोह दिलं जाई. काटकसरीवर चालणाऱ्या हृदयाला आणि मूत्रपिंडांना ते झेपत नाही. नव्या पद्धतीत आधी थोडं-थोडं, दर दोन-तीन तासांनी हलकं दूध देतात. रक्तातली साखर सांभाळतात, मुलाला ऊब देतात, प्रतिजैविक देतात. लोह नंतर, भूक परतल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ मध्ये ही पद्धत पुस्तिकेत बांधून दिली.

पण आई चार आठवडे रुग्णालयात कशी राहणार? घरी बाकीची मुलं असतात. दूध पावडर घरी दिली तर ती कालवायला स्वच्छ पाणी नसतं, जुलाब होतात. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये डॉ. आंद्रे ब्रियां आणि मिशेल लेस्कान यांनी शेंगदाण्याचं वाटण, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं-क्षार एकत्र करून एक पेस्ट बनवली. ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० कॅलरी. पाणी घालायचं नाही, शिजवायचं नाही, जंतू त्यात सहज वाढत नाहीत. मूल पाकीट चोखून खातं. भूक शाबूत आहे आणि दुसरा आजार नाही अशा मुलाचे उपचार घरी होऊ लागले. इथिओपिया आणि मलावीत हे आधी करून बघितलं गेलं. आपल्याकडे या पाकिटांवर वाद आहे. घरचं अन्न बाजूला पडेल, कंपन्यांचा धंदा होईल, ही भीती अगदीच निराधार नाही. माझं मत विचाराल तर तीव्र कुपोषणात ते औषध समजून काही आठवडे द्यावं. पाव किलो शेंगदाणे परवडत नाहीत अशा घराचा प्रश्न मात्र पाकिटानं सुटत नाही.

या सगळ्याची परीक्षा २०१५-१६ ला झाली. एल निनोमुळे तिथे कित्येक दशकांतला अतिशय वाईट दुष्काळ पडला. एक कोटीहून जास्त लोकांना मदत लागली. सरकारनं आधी स्वतःच्या तिजोरीतून पैसा काढला. एका वर्षात तीन लाखांहून जास्त तीव्र कुपोषित मुलांवर उपचार झाले. हाल झाले, जनावरं मेली, पण १९८४ सारखे मृत्यू झाले नाहीत. आणि लोकसंख्येचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी: १९८४ मध्ये देशात सुमारे चार कोटी लोक होते, २०१५ मध्ये दहा कोटींच्या आसपास.

इथपर्यंत वाचून प्रश्न सुटला असं वाटेल. नोव्हेंबर २०२० मध्ये तिग्रेत पुन्हा युद्ध पेटलं. रस्ते, बँका, वीज, फोन तोडले गेले, धान्याचे ट्रक अडवले गेले. जून २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या गणतीनुसार साडेतीन लाख लोक उपासमारीच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर होते. ज्या डोंगरउतारांवर तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं श्रमदानानं दगडी बांध घातले होते, पाणी अडवलं होतं, तोच हा तिग्रे. पाणी अडवणं, सिंचन, कमी पाण्याची बियाणं, हे सगळं हवंच आणि हवामान बिघडत चाललंय तसं जास्तच हवं. पण ट्रक अडवणाऱ्या बंदुकीवर पाझर तलाव हा इलाज नाही. २०२४ मध्ये दार्फूरच्या झमझम छावणीत अन्नदुर्भिक्ष असल्याचं तज्ज्ञांनी जाहीर केलं, तिथेही कारण वेढा आणि युद्धच होतं.

'अन्नदुर्भिक्ष' जाहीर करायचे निकषही एकदा बघून ठेवा. पाचातल्या एका कुटुंबाकडे खायला जवळपास काहीच नसणं, शंभरातली तीस मुलं तीव्र कुपोषित असणं आणि रोज दहा हजारांमागे दोन मृत्यू. म्हणजे जाहीर होईपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं. २०११ ला सोमालियात असं झालं, सुमारे २ लाख ६० हजार माणसं गेली, त्यांतली जवळपास निम्मी पाच वर्षांखालची मुलं होती. म्हणून आता काही ठिकाणी या घोषणेची वाट बघत नाहीत. उत्तर केनियात उपग्रहावरून कुरणांची हिरवळ मोजतात, आणि ती ठराविक पातळीखाली गेली की गरीब कुटुंबांच्या बँक खात्यात जादा पैसे जातात, जनावरं मरायला लागण्याआधी.

मुलांच्या बाबतीत हिरवळ मोजण्यासारखंच एक स्वस्त साधन आहे, दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मधोमध ती गुंडाळायची. साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरलं की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. साडेअकरा ते साडेबारा पिवळं, त्याच्यावर हिरवं. दोन्ही पावलांवर सूज असेल तर पट्टी काहीही म्हणो, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आपल्याकडे अंगणवाडीत ही पट्टी असते. बांधकामावरच्या, ऊसतोडीच्या टोळीतल्या, तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलाबद्दल शंका आली तर तिथे नेऊन मोजून घ्या. गरज असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात.

नायजरमध्ये एका संस्थेनं ही पट्टी आयांच्याच हातात दिली. अक्षरओळख नसलेल्या बायकांनाही रंग कळतात. आया घरीच मोजू लागल्या, मूल लवकर आणू लागल्या, आणि रुग्णालयात भरती करण्याची वेळ कमी मुलांवर आली.